हॉपरबाई आणि कारभाराची भाषा

एखाद्या प्रचंड कामासाठी कोणती संगणकभाषा निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता तज्ज्ञांच्या अखत्यारीतला वाटतो. बँकेतील खाते, विम्याचा हप्ता, निवृत्तिवेतनाचा हिशेब ज्या आज्ञावलींवर चालतो, त्या कोणत्या भाषेत लिहिल्या आहेत याची चौकशी खिडकीपाशी उभा राहिलेला माणूस करीत नाही. त्याने ती करावी अशी कोणाची अपेक्षाही नाही. तथापि हा निर्णय एकदा घेतला गेला की तो घेणारे निवृत्त होतात, त्या वेळची यंत्रे भंगारात जातात, आणि भाषा मात्र मागे राहते. पुढील दोन-तीन पिढ्यांना तिच्यातच कारभार करावा लागतो. म्हणूनच ही निवड केवळ तांत्रिक नसून ती एक प्रशासकीय, किंबहुना सामाजिक निवड असते. ही गोष्ट अगदी आरंभीच्या काळात ज्यांनी ओळखली, त्यांत अमेरिकन गणितज्ञ आणि नौदल अधिकारी ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या निधनाला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. पण त्यांनी ज्या प्रश्नाशी आयुष्यभर झुंज दिली तो प्रश्न मात्र अद्याप जुना झालेला नाही.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते. गजराचे घड्याळ कसे चालते हे समजून घेण्यासाठी वयाच्या सातव्या वर्षी त्यांनी घरातील एकापाठोपाठ एक अशी सात घड्याळे खोलून ठेवली, ही त्यांच्या बालपणीची गोष्ट प्रसिद्धच आहे. व्हॅसार महाविद्यालयातून १९२८ साली त्या पदवीधर झाल्या. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय होते. येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट त्यांनी १९३४ साली मिळविली. त्या काळात स्त्रीने गणितात ही पदवी मिळविणे ही अपवादात्मक गोष्ट होती. दरम्यान १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो १९४५ साली संपुष्टात आला, पण हॉपर हे नाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले.

१९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच शिकवू लागल्या. गणिताच्या विद्यार्थिनींना त्या निबंध लिहावयास लावीत आणि त्यांतील भाषा तपासून गुण देत. आपण गणिताच्या वर्गात आलो आहोत, भाषेच्या नव्हे, अशी तक्रार विद्यार्थिनी करीत. परंतु जे गणित दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही त्याचा उपयोग काय, अशी बाईंची भूमिका असे. शिक्षिकेची ही सवय पुढे त्यांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी राहिली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

युद्धकाळातील उमेदवारी

दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या अमेरिकन नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. त्यांचे वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी भरत होते. तेव्हा खास सवलत मिळवून त्यांनी प्रवेश घेतला. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तेथे मार्क-१ हे ५१ फूट लांबीचे आणि ८ फूट उंचीचे गणकयंत्र युद्धोपयोगी आकडेमोड करीत होते. त्याला द्यावयाच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून द्याव्या लागत. एक छिद्र चुकले तरी उत्तर चुके. या यंत्राची पाचशेहून अधिक पृष्ठांची मार्गदर्शिका हॉपरबाईंनी सिद्ध केली आणि ती १९४६ साली प्रसिद्ध झाली.

याच काळात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी तपासून बरोबर ठरलेले आज्ञांचे तुकडे प्रत्येक जण आपापल्या वहीत टिपून ठेवी आणि नव्या कामात ते हाताने उतरवून घेई. उतरवताना चुका होत. शून्याचा चार होई, एखादी ओळ गळे. माणसाला नक्कल करणे जमत नाही. यंत्राला मात्र नक्कल करण्यावाचून दुसरे काही करावयाचे नसते. मग हे काम माणसाने का करावे? हा साधा प्रश्न पुढील क्रांतीचे बीज ठरला. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात अडकलेला पतंग काढून नोंदवहीत चिकटविण्यात आला, ही कथा त्यांच्याच नावाने सांगितली जाते. यंत्रातील दोषाला किड्याची उपमा देण्याची रूढी मात्र त्यापूर्वीपासून होती. त्यांचे खरे कर्तृत्व पतंगापेक्षा पुष्कळच मोठे आहे.

यंत्राला भाषा शिकविण्याचा ध्यास

१९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया येथील एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत रुजू झाल्या. ही कंपनी युनिव्हॅक हे व्यापारी गणकयंत्र बांधीत होती. पुढल्याच वर्षी ती रेमिंग्टन रँड या कंपनीने विकत घेतली. पहिले युनिव्हॅक १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळाले. यंत्र तयार झाले, पण त्याच्यासाठी आज्ञा लिहिणारी माणसे कोठून आणावयाची? या अडचणीतून बाईंनी १९५१-५२ मध्ये ए-शून्य नावाची आज्ञावली रचली. तयार तुकड्यांना क्रमांक द्यावयाचे, यंत्राने त्या क्रमांकांवरून ते शोधावयाचे आणि जुळवून अखंड आज्ञावली सिद्ध करावयाची, असे तिचे स्वरूप होते. आजच्या अर्थाने हा पूर्ण कंपायलर नव्हता. पण यंत्रच यंत्रासाठी आज्ञा रचू शकते, ही कल्पना तिने प्रत्यक्षात आणली. यंत्र फक्त आकडेमोड करते, असे मानणाऱ्यांना हे पटविण्यात त्यांचा बराच काळ खर्ची पडला.

त्यापुढील पाऊल अधिक धाडसाचे होते. गणकयंत्र वापरू इच्छिणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत, असे त्यांना दिसले. शास्त्रज्ञ आणि अभियंते चिन्हांवर प्रेम करतात. त्यांना बीजगणितासारखी भाषा हवी. पण साठ्याची नोंद ठेवणारे, पगारपत्रके करणारे, विम्याचे हिशेब पाहणारे लोक चिन्हांकडे पाठ फिरवितात. त्यांचा व्यवहार शब्दांत चालतो. तेव्हा त्यांना शब्दांची भाषा द्यावी, असा प्रस्ताव बाईंनी १९५३ साली मांडला. तो फेटाळण्यात आला. यंत्राला इंग्रजी समजणे शक्य नाही, असे वरिष्ठांचे मत पडले. बाईंनी काम थांबविले नाही. पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी एकच छोटी आज्ञावली इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांतील शब्दांनी चालवून दाखविण्याची तयारी केली. शब्द म्हणजे यंत्राच्या दृष्टीने केवळ खुणा. खूण कोणत्या भाषेतली आहे याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसे समजेल, या विचाराने वरिष्ठ अधिकच हबकले, आणि यापुढे फक्त इंग्रजीच, असे आश्वासन त्यांना द्यावे लागले. यातूनच फ्लो-मॅटिक ही भाषा जन्मास आली. त्या दशकाच्या उत्तरार्धात ती युनिव्हॅकच्या ग्राहकांकडे प्रत्यक्ष वापरात होती.

इकडे आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या मंडळाने १९५७ साली फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली होती. वैज्ञानिक गणितासाठी ती उत्कृष्ट होती. मग तिच्यातच पगारपत्रके का करू नयेत? त्याला कारण होते. शास्त्रीय आकडेमोडीत अगदी लहान आणि अगदी मोठ्या संख्या सांभाळाव्या लागतात. तेथे शेवटच्या स्थानातील सूक्ष्म फरक चालतो. हिशेबात तो चालत नाही. दहा पैसे म्हणजे रुपयाचा दहावा हिस्सा. दशमान पद्धतीत तो नेमका लिहिता येतो; पण यंत्राच्या द्विमान पद्धतीत तो कधीच संपत नाही, जसा एक तृतीयांश दशमानात संपत नाही. लाखो खात्यांवर हा बारीक फरक साचला तर ताळेबंद जुळेनासा होतो. शिवाय हिशेबाच्या कामात गणित थोडे आणि नोंदी अफाट असतात. म्हणजे भाषेची निवड ही तिच्या गुणांवर नव्हे, तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. हा त्या काळाने शिकविलेला पहिला धडा होय.

कोबोलचा जन्म

दुसरा धडा पैशांचा होता. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी होती. यंत्र बदलले की साऱ्या आज्ञावली पुन्हा लिहाव्या लागत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे १९५९ साली सव्वादोनशेहून अधिक गणकयंत्रे होती, आणखी पावणेदोनशे घेण्याचा बेत होता आणि आज्ञावलींवर २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च झालेली होती. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी सर्व यंत्रांना समान अशा व्यापारी भाषेची निकड मांडली. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही मंडळी जमली. तेथे ठरल्याप्रमाणे संरक्षण खात्याला साकडे घालण्यात आले, आणि २८ व २९ मे १९५९ रोजी पेंटॅगॉनमध्ये चार्ल्स फिलिप्स यांच्या अध्यक्षतेखाली मोठी बैठक झाली. सहा यंत्रनिर्मात्या कंपन्या आणि तीन सरकारी संस्था यांची एक समिती नेमली गेली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हॉपरबाईंना कोबोलची जननी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु कोबोलचा आराखडा ज्या समितीने रचला तिच्या त्या सभासद नव्हत्या. कार्यकारी मंडळाच्या तांत्रिक सल्लागार म्हणून त्यांचे स्थान होते. प्रत्यक्ष लेखनाचे काम जीन सॅमेट, हॉवर्ड ब्रॉमबर्ग प्रभृती सहा जणांच्या उपसमितीने १९५९ च्या अखेरीस तडीस नेले. मात्र समितीपुढे असलेल्या नमुन्यांपैकी प्रत्यक्ष वापराच्या कसोटीवर उतरलेला नमुना फ्लो-मॅटिक हाच होता, आणि कोबोलची शब्दकळा व ठेवण बव्हंशी त्यातूनच आली. समितीने बाईंचे घर पाडून नवे बांधले नाही; त्याच जोत्यावर मोठी इमारत उभारली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या भाषेच्या रचनेत दूरदृष्टी होती. तिच्या आज्ञावलीचे चार विभाग असत. पहिल्यात ओळख, दुसऱ्यात ज्या यंत्रावर काम चालावयाचे त्याचे वर्णन, तिसऱ्यात माहितीच्या नोंदींचे स्वरूप आणि चौथ्यात प्रत्यक्ष कार्यपद्धती. यंत्र बदलले तर मुख्यतः दुसरा विभाग बदलावा, बाकीचे तसेच राहावे, असा उद्देश होता. शब्द लांबलचक, वाक्ये पाल्हाळिक. पण बदली होऊन आलेल्या कारकुनाला आधीच्याची टिपणी वाचून फाईल पुढे चालविता यावी, तशी ही भाषा दुसऱ्याने वाचण्यासाठी होती.

समितीचे काम निभेल असा विश्वास सर्वांना नव्हता. कंटाळलेल्या ब्रॉमबर्ग यांनी कोबोल असे नाव कोरलेली संगमरवरी थडग्याची शिळा फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिली. ती शिळा आज संग्रहालयात आहे आणि भाषा जिवंत आहे! डिसेंबर १९६० मध्ये आरसीए कंपनीच्या आणि रेमिंग्टन रँडच्या अशा दोन अगदी भिन्न यंत्रांवर जवळजवळ तीच आज्ञावली चालवून दाखविण्यात आली. त्यापाठोपाठ संरक्षण खात्याने कोबोल न समजणारी यंत्रे साधारणपणे न घेण्याचे धोरण स्वीकारले. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने अशी अट घातल्यावर विक्रेत्यांनाही मान तुकवावी लागली. स्वतःच्या भाषेवर भिस्त ठेवणारी आयबीएमही अखेर कोबोलकडे वळली.

प्रमाणभाषा राखण्याचे काम

भाषा जन्मास घालणे सोपे, ती एकसंध राखणे अवघड. प्रत्येक कंपनीने आपल्या कोबोलमध्ये सोयीचे फेरफार केले आणि नाव एक, बोली अनेक, अशी अवस्था झाली. हॉपरबाई १९६६ च्या अखेरीस वयोमानानुसार नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त झाल्या होत्या. ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलाविले, आणि ते सहा महिने एकोणीस वर्षे टिकले. नौदलातील कोबोलला एकरूपता आणणे हे त्यांचे काम होते. त्यांच्या विभागाने कंपायलर तपासण्यासाठी चाचण्यांचा संच तयार केला. विक्रेत्याने आपला कंपायलर प्रमाणानुसार आहे असे नुसते म्हणावयाचे नाही. तो चाचणीत उतरला पाहिजे. कोबोलचे राष्ट्रीय प्रमाण १९६८ साली निश्चित झाले आणि या चाचण्यांमुळे त्याला व्यवहारात अर्थ आला. या कामात प्रसिद्धी नाही, शोधाचा आनंद नाही. आहे तो केवळ चिकाटीचा कस. तरीही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम कदाचित हेच असावे.

कोबोलवर टीका झाली नाही असे नाही. विद्यापीठीय विद्वानांनी तिला कधीच आपले म्हटले नाही. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली तिच्यावर अत्यंत कठोर शब्दांत हल्ला चढविला. त्या टीकेत तथ्यही होते. आरंभीच्या कोबोलमध्ये आज्ञावलीचा कोणताही भाग कोणत्याही माहितीला हात लावू शके. आज्ञांचा ओघ कोठूनही कोठेही उडी मारू शके. हजार ओळींत हे खपते, दहा लाख ओळींत त्याचा गुंता होतो. इंग्रजी शब्द वापरल्याने व्यवस्थापकाला आज्ञावली वाचता येईल ही आशाही फारशी फळली नाही, कारण शब्द समजणे आणि विचार समजणे यांत अंतर असते. १९८५ च्या प्रमाणात काही दोष दूर झाले. परंतु तोवर जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रचंड भांडार जगभर साचले होते.

नुसत्या हुकुमाने भाषा रुजत नाही, याचा दाखलाही त्याच संरक्षण खात्याने दिला. १९७० नंतरच्या दशकात तेथे शेकडो निरनिराळ्या भाषा वापरात असल्याचे आढळले. त्यावर उतारा म्हणून एडा ही नवी भाषा निर्माण करण्यात आली, १९८३ साली तिचे प्रमाण निश्चित झाले आणि पुढे तिची सक्तीही झाली. शिस्त आणि सुरक्षितता या दृष्टींनी ती कोबोलहून कितीतरी सरस होती. विमानांच्या आणि रेल्वेच्या नियंत्रणात तिने आपले स्थान मिळविले. पण बाजाराने तिला आपलेसे केले नाही, आणि १९९७ साली खात्याने ती सक्ती मागे घेतली. कोबोलच्या मागे हुकूम होता आणि गरजही होती. एडाच्या वेळी साध्या व्यापाऱ्याची गरज अन्य भाषा भागवीत होत्या.

२००० सालचा हिशेब

निवडीचे दूरगामी परिणाम २००० साल जवळ येताच जगाला कळले. स्मृती महाग असताना आणि कार्डावर ८० अक्षरांचीच जागा असताना वर्षाचे शेवटचे दोनच आकडे नोंदविण्याची प्रथा पडली होती. ती कोबोलपुरती मर्यादित नव्हती. पण व्यापारी आज्ञावली बहुतांशी कोबोलमध्ये असल्याने दुरुस्तीचे बरेचसे ओझे तिच्याच वाट्याला आले. या आज्ञावली लिहिणाऱ्यांना त्या चाळीस वर्षे चालतील असे वाटलेच नव्हते. ही दुरुस्ती करावयास माणसे हवी होती, आणि ती भारताने पुरविली. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससह अनेक भारतीय कंपन्यांना त्या काळात मोठे काम मिळाले, आणि मुंबई-पुण्याकडील कित्येक तरुणांनी पाश्चात्त्य बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या आज्ञावली ओळीन् ओळ वाचून काढल्या. आपल्या जन्मापूर्वी परक्या देशात लिहिलेला मजकूर त्यांना वाचता आला, याचे श्रेय काही अंशी त्या पाल्हाळिक भाषेलाच दिले पाहिजे. पुढे एप्रिल २०२० मध्ये महासाथीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले. भाषा टिकली होती. ती जाणणारी माणसे मात्र निवृत्त झाली होती.

हॉपरबाईंना हा प्रसंग पाहावयाचा नव्हता. १९८३ साली त्यांना कमोडोरचा हुद्दा मिळाला आणि १९८५ साली त्या हुद्द्याचे नाव बदलून त्या रिअर ॲडमिरल झाल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक नौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्यानंतरही डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या गावोगाव व्याख्याने देत राहिल्या. अब्जांश सेकंदात वीज जास्तीत जास्त किती अंतर जाऊ शकते हे दाखविण्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटीत. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, या सबबीचा त्यांना तिटकारा होता, आणि त्या तिटकाऱ्याची खूण म्हणून त्यांच्या कचेरीतील घड्याळ उलटे फिरत असे. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामाने निरोप देण्यात आला. २०१६ साली अमेरिकेने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

आजही मोठा प्रकल्प हाती घेताना भाषेच्या निवडीवरून वादंग माजते. कोणती भाषा वेगवान, कोणती नवी, कोणती लोकप्रिय, यावर पक्ष पडतात. हॉपरबाईंच्या चरित्राकडे पाहिले तर अगोदर विचारावयाचे प्रश्न निराळेच आहेत असे दिसते. काम कोणत्या स्वरूपाचे आहे? ही आज्ञावली आपल्यानंतर कोण वाचणार? यंत्र आणि विक्रेता बदलला तर ती टिकेल काय? भाषेचे प्रमाण कोण राखणार आणि ते कसे तपासणार? आणि ती शिकविण्याची सोय पुढील पिढीसाठी राहणार आहे काय? यांपैकी पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे बाईंनी आपल्या परीने दिली. पाचव्याकडे जगाने दुर्लक्ष केले, त्याची किंमत २०२० साली दिसून आली. सरकारी असो वा खाजगी, ज्या आज्ञावलीवर लक्षावधी लोकांचे वेतन आणि भत्ते अवलंबून आहेत, तिची भाषा निवडणाऱ्याने तिच्या वाचकांची तजवीजही त्याच वेळी केली पाहिजे. ती न करणे म्हणजे पुढच्या कारकुनाच्या हाती न वाचता येणारी फाईल ठेवून जाणे होय.